उंच केलेली जीप

आमच्या ह्यांनी आयुष्यभर रुग्णवाहिका चालवली. "मागे झोपलेल्या पेशंटला खड्डा कळला, तर तो ड्रायव्हर कसला?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तीही तशीच चालवली. मागच्या सीटवर बसून मी विणकाम करत बाजारात जायची, एक टाका सुटायचा नाही.

मग आमच्या चिरंजीवांना डोंगरदगडांतून गाडी हाकायचं वेड लागलं. नोकरी लागली, लग्न झालं, की माणसाचं वेड उतरतं म्हणतात. ह्याचं चढलं. आणि गाडी कुणाची? बापाची. "बाबा, जरा उंच करून घेतो, खालून दगड लागायला नकोत," म्हणाला. हे म्हणाले, "कर की." मुलाला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलंच नाही. चिरंजीवांचा एक मित्र गॅरेज चालवतो, सगळे त्याला पान्या म्हणतात. त्याने उंच स्प्रिंगा टाकल्या, ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं चढवली. परत आली ती जीप नव्हती, माडी होती. मला चढायला स्टूल लागायचं. चिरंजीव मात्र तिच्याभोवती फिरून फिरून फोटो काढत होते.

त्याच आठवड्यात हे पाव आणायला म्हणून जीप घेऊन निघाले आणि वळणावरच्या खड्ड्यापाशी शाळेच्या भिंतीवर जाऊन आदळले. कुणाला लागलं नाही, भिंतीचा कोपरा तेवढा ढासळला. आम्ही धावत पोचलो तेव्हा हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"चाक खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंग आपोआप फिरलं रे," ते मुलाला म्हणाले. "सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे पळते ही."

"काय बाबा! नाचता येईना अंगण वाकडे!"

जमलेले लोक हसले. मीही हसले. हेसुद्धा हसले, पण जरा उशिरा.

घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "आता वय झालं बाबा तुमचं. राहू दे गाडी." मी मान डोलावली. ह्यांनी खिशातून किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली. एरवी मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, त्या दिवशी एका शब्दाने भांडला नाही. भांडायला हवं होतं हो.

त्यानंतर हे स्वतःच्या हातांवरच पाळत ठेवायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. दाढी घरी करायचे, ती न्हाव्याकडे जाऊन करायला लागले. माझ्या सुईत दोरा ओवून देणं त्यांचं काम होतं, तेही "तूच बघ" म्हणून टाळायला लागले. डॉक्टरांनी हात ठणठणीत आहेत असं सांगितलं, तर बाहेर येऊन मला म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलतात ते."

पुढे एकदा चिरंजीव सुनेला घेऊन हायवेने निघाले होते. पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं आणि जीप सरळ समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत गेली. ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेतली म्हणून वाचले. सून आली ती पांढरीफटक पडून. चिरंजीव पान्याकडे गेले आणि संध्याकाळी माझ्यासमोर स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"आई, गाडी नुसती उंच केली की स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो. चाक खड्ड्यात गेलं की तो दांडाच स्टिअरिंग ओढतो. चाकं आपणहून सरळ येत नाहीत. पान्याने तेव्हाच सांगितलं होतं, एवढं काम राहिलंय म्हणून. मीच म्हणालो, नंतर बघू."

"का?"

"दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर जायचं होतं."

माझ्या हातातलं लाटणं मी खाली ठेवलं, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. "मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग!"

"आधी गाडी नीट करतो. मग सांगतो."

गाडी मात्र त्याने मनापासून नीट करून घेतली. चाकं आपणहून सरळ यावीत म्हणून ॲक्सलखाली पाचरी बसवल्या, दांडा सरळ केला, धक्के झेलणारे कडक शॉक काढून मऊ घातले. रविवारी सकाळी जीप दारात आणून उभी केली आणि बापासमोर मान खाली घालून म्हणाला, "बाबा, दोष गाडीत होता. तुमच्या हातांत नव्हता. एकदा चालवून बघा."

ह्यांनी चप्पल घातली. स्टूल मी ठेवलं. हे स्टिअरिंगवर बसले, मुलगा शेजारी, मी मागे. जीप निघाली, आणि काय सांगू, पूर्वीसारखी निघाली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, झालं, आता सगळं जागेवर येणार.

वळण आलं. खड्डा अजून तिथेच होता. चाक त्यात गेलं, वर आलं, जीप सुतासारखी सरळ राहिली. तरीही ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते. खरोखरच थरथरत होते. इतके दिवस ज्याची भीती बाळगली, ते येऊन बसलं होतं.

"बाबा, गाडी सरळ होती," मुलगा म्हणाला.

"कळलं मला. छान केलीस." मग म्हणाले, "म्हणजे अंगणच वाकडं होतं तर."

रागाने बोलले असते तर चिरंजीवांना रडता तरी आलं असतं. ह्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, आणि दुसऱ्या बाजूने येऊन मुलाला म्हणाले, "सरक तिकडे. तू चालव."

मुलाने घरापर्यंत जीप इतकी जपून आणली की मागे मला एकही खड्डा कळला नाही. शेजारच्या सीटवर हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.