लाल पट्टीवरची चिकटपट्टी

चाकणला आमचं छोटं वर्कशॉप आहे. माझा नवरा अनंत तिथे गाड्यांच्या कंपनीसाठी बुश म्हणजे छोटे सुटे भाग बनवतो. मालासोबत तपासणीचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर केलेलाच हवा, असं कंपनीने कळवलं आणि आम्ही नवाकोरा कॉम्प्युटर थेट बनवणाऱ्यांकडून मागवला. त्यावर बसायला अनंत शिकलेली मुलगी शोधत होता. मी म्हटलं, माझं बी. कॉम. काय लोणच्याला घातलंय का? "बस काही दिवस. बघू," तो म्हणाला. हे 'बघू' मला तेव्हाच झोंबलं होतं.

तक्ते करायचा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये आधीच भरलेला होता. मला वाटलं, आपलाच आहे. मग एके दिवशी स्क्रीनवर लाल पट्टी आली. वापरून बघायची मुदत संपत आलीय, पुढे हवा असेल तर विकत घ्या. मी अनंतला बोलावून वाचून दाखवलं. त्याने ऐकलंच नाही. मशीनचं लाल बटण दाबलं की सगळं जागच्या जागी बंद पडतं, त्यामुळे लाल दिसलं की हात लावायचा नाही हा आमच्या शेडचा पहिला नियम. नव्या माणसाला आधी तेच शिकवतात. अनंतने भैरूला हाक मारली. भैरू आमचा जुना ऑपरेटर, चाकणचाच. त्याने काळी चिकटपट्टी आणली आणि स्क्रीनवर त्या लाल पट्टीवर अगदी मापात चिकटवली. चुकून कुणी दाबायला नको! मी कपाळाला हात लावला.

व्हायचं तेच झालं, मुदत संपली. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि माझा रिपोर्ट नुसता दिसतोय. एक आकडा भरता येईना. रिपोर्ट नसेल तर कंपनीच्या गेटवरून माल परत येतो. अनंत आत आला आणि भैरूसमोर ओरडला, "काय दाबलंस तू? उद्यापासून मुलगी ठेवतो, तू घरी बस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण टेम्पो उभा होता. मी कंपनीच्या तपासणी खात्यातल्या निरंजन सरांना फोन लावला, झालेला प्रकार सांगितला आणि विचारलं, कोऱ्या छापील नमुन्यावर हाताने मापं भरून, सही-शिक्का मारून दिला तर चालेल का? आजच्या दिवस चालेल, म्हणाले. भैरूने मापं सांगितली, मी भरली. टेम्पो गेला.

मग मी स्क्रीनवरची चिकटपट्टी ओढून काढली. अनंतने तिच्याखाली काय लिहिलंय ते पहिल्यांदा नीट वाचलं. मग कार्ड काढत हळूच म्हणाला, "प्रोग्राम घेऊन टाक. आणि मघाशी बोललो ते चुकलंच."

"बोललात भैरूसमोर," मी म्हटलं. "सांगायचं तेही त्याच्यासमोरच सांगा."

मला वाटलं, टाळेल. पण त्याने भैरूला आत बोलावलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मुलगी-बिलगी कुणी येणार नाही. इथून पुढे ऑफिसचं काहीही असलं तर वहिनींना विचारायचं."

भैरू हात पुसत उभा होता.

"आमी पयल्यापास्नं वैनींनाच इचारतो," तो म्हणाला आणि मशीनवर गेला.