जमीनदार पायऱ्या उतरतो तेव्हा

उर्वशीनं तिसऱ्यांदा तो प्रसंग मागे नेला आणि लॅपटॉपला कान लावला. जमीनदार हवेलीच्या पायऱ्या उतरू लागला. खाली हात जोडून उभा असलेला म्हातारा दोन पावलं मागे सरला. इथं गिटार सुरू व्हायला हवी होती. ती झालीच नाही. त्याऐवजी जमीनदार बोलला. एकच वाक्य, पण त्यात म्हाताऱ्याची जात होती आणि जातीला जोडून जे जे बोललं जातं ते सगळं होतं. तिनं झटकन आवाज बंद केला. आत आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

उर्वशी वणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि सिनेमाचं वेड कुठं जिरवावं हा तिला रोजचा प्रश्न होता. शेवटी राजूरच्या बुद्धविहार समितीचे इंद्रजित सर म्हणाले, आमच्या सभागृहात कर. परवा, रविवारी दुपारी चारला कार्यक्रम होता: जुनी रॉक गाणी आणि सिनेमातले गाजलेले प्रसंग. पाच प्रसंग परदेशी सिनेमांतले. एकात उजाड रस्त्यावरून लाल गाडी धावते, एकात बाई घर सोडताना एकेक दिवा मालवत जाते, आणि मागे जुनी इंग्रजी गाणी. पण या पाचांसाठी राजूरमधून कुणी खुर्चीवरून उठलं नसतं. लोक येणार होते ते सहाव्यासाठी.

सहावा प्रसंग राजूरचा लाडका. पंचेचाळीस वर्षांपूर्वी खाणीमागच्या पत्र्याच्या टाकीजमध्ये एक हिंदी सिनेमा लागला होता. त्यात जमीनदार पायऱ्या उतरतो, तोंड उघडतो, पण त्याचा आवाज येतच नाही. येते ती इंग्रजी गाण्याची गिटार, आणि तो नुसता मासोळीसारखं तोंड हलवत राहतो. खाणीतले निवृत्त वायरमन नानाजी अजूनही ती गिटार तोंडानं वाजवून दाखवत. त्यांचा उमरखेडचा मेहुणा एकदा म्हणाला होता, की आमच्याकडे हाच सिनेमा आला तेव्हा असलं काही गाणं नव्हतं. तू झोपला असशील, असं म्हणून सगळ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं होतं.

तो सिनेमा दाखवणारे ऑपरेटर म्हणजे उर्वशीचे आजोबा, डोमाजी. ते ओसरीत टेबलफॅन खोलून बसले होते.

“आबा, याच्यात गाणं नाही.”

“कशात?”

“जमीनदाराच्या सीनमध्ये. तो बोलते. काय बोलते तेही ऐकलं मी.”

डोमाजींनी पंख्याचं पातं खाली ठेवलं.

“तुह्या आजीनं ऐकलं काय?”

“नाही.”

“बरं झालं.”

थोडा वेळ ते बोटांना लागलेलं तेल पुसत बसले. मग जे सांगितलं ते अगदी सरळ सांगितलं. टाकीजच्या यंत्राला एक खटका होता. इकडे केला की सिनेमाचा आवाज, तिकडे केला की मध्यंतरात वाजवायच्या तबकड्यांचा. सिनेमाची रिळं आली त्या सकाळी त्यांनी ती लावून पाहिली आणि ते वाक्य ऐकलं. दुपारच्या पहिल्या खेळाला त्यांची माय येणार होती. आयुष्यात पहिल्यांदा टाकीजमध्ये.

“धुतलेलं लुगडं नेसून आलती. एकदम समोरच्या बाकावर बसली. म्या वरच्या खिडकीतून पायलं. मनात म्हटलं, हे तं तिनं जलमभर ऐकलं. इथं बी काहून ऐकावं?”

“मग खटका फिरवला?”

“हाताशी जे लागलं ते लावलं. खाणीचा मॅनेजर बदलून गेला तवा त्याच्या सामानातली एक तबकडी टाकीजमंदी आलती. तिच्या पाकिटावर चार गोरे, केस खांद्यापर्यंत. बाया हायेत का मानसं, तेच समजेना.” डोमाजी हसले. “एकाच खेळापुरतं करणार होतो. पन दुसऱ्या दिवशी लोक त्या बाज्यासाठीच आले. मंग रोज करा लागलं. मालकाले वाटलं, पिच्चरमंदीच हाय.”

“पणजीला सांगितलं होतं?”

“नाही. गानं म्या लावलं म्हटलं असतं, तं कायले लावलं ते बी सांगा लागलं असतं.”

आता पंचाईत उर्वशीची होती. सहावा प्रसंग गाळावा तर लोक इंद्रजित सरांना धारेवर धरतील. आहे तसा दाखवावा तर ते वाक्य विहाराच्या सभागृहात, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मोठ्या स्पीकरवरून घुमेल, आणि जे आबांनी एवढी वर्षं अडवून धरलं ते त्यांच्याच नातीच्या हातून सुटेल.

“मी तुमचं गाणं त्यावर चढवते,” ती म्हणाली. “नेटवर मिळेल ते.”

“पयलं पाऊल पायरीवर पडलं का मंग चालू कर. आधी नोको.”

रविवारी सभागृह भरलं. पाच परदेशी प्रसंग लोकांनी पाहुण्यांसारखे अदबीनं पाहिले. सहाव्याला मात्र खुर्च्या पुढे सरकल्या. पहिलं पाऊल पायरीवर पडलं, गिटार वाजली, आणि नानाजींनी चक्क शिट्टी मारली. जमीनदार तोंड हलवत राहिला. टाळ्या झाल्या. डोमाजी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. उर्वशीनं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात बारावीतली निकिता उभी राहिली.

“ताई, तो माणूस बोलून काय राह्यला?”

नवल म्हणजे एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. खरा आवाज असलेला प्रसंग लॅपटॉपमध्येच होता. उर्वशीनं आबांकडे पाहिलं. ते कसेबसे उठले.

“त्यात काई नाही बाई, असंच...”

“असंच कसं?” पुढच्या रांगेतून धुरपताबाईंचा आवाज आला. त्या पंचाऐंशीच्या, राजूरमधल्या सगळ्यांत वयस्क. मागे वळायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. “आमाले जे बोलत होते, तेच बोलून राह्यला.”

“तुम्हाला ऐकू आलं होतं, आजी?” निकितानं विचारलं.

“ऐकू याले कायले पायजे? तोंड दिसते ना. तसं तोंड केलं का काय निंगते, हे आमाले लहानपनापासून मालूम.” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या हसल्या. “डोमाची माय माह्या बाजूले बसली होती. माहा हात धरून म्हने, धुरपते, पाय वं, बोंबलून राह्यला पन आवाजच निंगून नाही राह्यला! पिच्चरभर हासली ते. मंग हप्ताभर आमी दोघी रोज गेलो.”

“रोज?” डोमाजी म्हणाले. माय एकदाच आली होती असं ते आजवर धरून चालले होते.

“रोज. बाजे सुरू झाले का म्हने, ज्यानं याचं तोंड बंद केलं त्याचं भलं हो.”

डोमाजी उभेच राहिले. शेजारच्या माणसानं त्यांना बसायला हात दिला, तो त्यांनी धरला, पण बसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

“उर्वशी,” ते म्हणाले, “खरं वालं लाव.”

“आबा, नक्की?”

“लाव. ऐकू दे सगळ्याईले.”

उर्वशीनं लावलं. जमीनदार पायऱ्या उतरला, म्हातारा मागे सरला, आणि पंचेचाळीस वर्षांनी ते वाक्य राजूरमध्ये बोललं गेलं. निकिताचा चेहरा कसनुसा झाला. इंद्रजित सर खाली बघू लागले.

धुरपताबाईंनी कानावरचा पदर मागे सारला.

“अवं माय,” त्या म्हणाल्या, “आवाज तं लयच बारीक हाय याचा!”

आधी नानाजी हसले, मग मागच्या रांगा, मग निकिता. डोमाजी उभ्याउभ्या खांदे हलवत हसत होते. पडद्यावर जमीनदार आणखी बरंच काही बोलला, पण ते कुणाला ऐकू आलं नाही.