चारातल्या दोन

गावची आशा सेविका संगीता अनसिंगच्या थांब्यावर धापा टाकत पोचली, तेव्हा वाशीमची बस लागलेलीच होती. सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हती. डाळमिलचा नेपाळी चौकीदार धनबहादूर खोलीला कुलूप लावून नेपाळला आपल्या गावी निघाला होता, आणि त्याच्या टीबीच्या औषधाचे अजून दोन महिने बाकी होते. इथल्या बारा वर्षांत तो वऱ्हाडी बोलायला शिकला होता. खोकला थांबल्याबरोबर गोळ्यांचा कंटाळा आला असणार!

तो खिडकीशी दिसताच ती खालूनच कडाडली, "औषध अर्ध्यावर सोडून कुठी चालले, दादा?"

"सोडलं नाही, ताई." त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून उघडला. आत गोळ्याच गोळ्या होत्या. "रोजच्या चारातल्या दोन मी खाल्ल्या, दोन बायकोसाठी ठेवल्या. तेही खोकून राह्यली. तिकडं दवाखाना लई दूर हाय."

संगीतानं खिडकीचा गज धरला. "अर्ध्या औषधानं ना तुमी बरे होत, ना ते! उतरा खाली. तिच्यासाठी डॉक्टरले मी विचारतो. काहून सांगितलं नाही मले?"



रुग्णाला चारही गोळ्या समोर गिळताना पाहूनच आशाताईनं त्याच्या औषधाच्या कार्डावर खूण करायची असते. संगीता मात्र रोज घाईघाईत मिलच्या फाटकातूनच गोळ्या देऊन खूण करून पुढं जायची.

"तुमी रोज खूण करत होत्या, ताई," तो म्हणाला. "मले वाटलं, तुमाले माहीत हाय."