मिस्त्रींच्या पाच जागा

सव्वीस वर्षं करमणुकीच्या उद्यानातल्या पाळण्यांच्या पोटात शिरून काम केलं, म्हणून निवृत्तीच्या दिवशी मिस्त्रींना एक हार, एक घड्याळ आणि तिथल्याच रिसॉर्टमध्ये चौघांचा तीन दिवसांचा मुक्काम मिळाला. हार वाळला, घड्याळ बंद पडलं. मुक्काम मात्र मिस्त्रीणबाईंनी राखून ठेवला. त्यांना तो एका कामासाठी हवा होता.

लग्नानंतरच्या चार वर्षांत लेक दोनदा अचानक माहेरी आली होती. पहिल्या वेळी ओठ फाटलेला, दुसऱ्या वेळी डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. दोन्ही वेळा मिस्त्रीणबाईंनी तिला चार दिवस जेवू घातलं, मलम लावलं, आणि जरा सांभाळून घे असं सांगून परत पाठवलं. जावई टाइल्सच्या दुकानात मॅनेजर. हसतमुख, सासूच्या हातातली पिशवी आधी आपल्या हातात घेणारा. असा माणूस हात उचलतो म्हणजे त्याला काहीतरी खुपत असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे आणि दीर; नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. कोपरा मिळाला की माणूस निवळेल. म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या मागे लकडा लावला, की रांगा लावून गरगर फिरणं नको, पोरांना निवांत बसता येईल अशा जागा काढून द्या.

मारहाणीचं मात्र त्यांनी मिस्त्रींना सांगितलं नव्हतं. मिस्त्री पडले एकमार्गी. ऐकताक्षणी पाना घेऊन निघाले असते.

मिस्त्री खुलले. मशिनच्या देखभालीच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर त्यांनी पाच जागा लिहून काढल्या. कुठल्या वेळी सावली, कुठल्या वेळी वारा, सगळं बारकाईनं. लाकडी घोड्यांच्या चक्रामागचा बाक, तिथं वाजंत्री ऐकू येते पण कानात घुसत नाही. छोट्या आगगाडीचा बंद पडलेला थांबा. काचघराचा मागचा जिना, वरून उद्यानातली रोजची मिरवणूक दिसते आणि धक्का लागत नाही. चौथी, त्यांच्या सगळ्यात लाडाची, तळ्यावरच्या मोठ्या धबधब्यामागची गॅलरी. आणि पाचवी धुलाईघराची गच्ची. ती त्यांनी कंसात टाकली होती. तिथं मावळतीचा उजेड फार सुंदर पडतो, पण कामावरच्या बायका चहाला बसतात, तुम्हाला हवा तो एकांत नाही, असं त्यांनी ओशाळून सांगितलं.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना सोबत फिरवून सगळं दाखवलं. धबधब्यापाशी पंपाची खोली होती. दाराजवळ लाल बटण, त्याखाली हातभर लांबीचा खटका. बटण दाबलं की पाणी पडायचं थांबतं, खटका खाली ओढला की वीज तुटते, आणि खटक्याच्या भोकात कुलूप अडकवलं की कुणाच्या बापाला पाणी सुरू करता येत नाही. मिस्त्रींनी खिशातून आपलं लाल रंगवलेलं कुलूप काढलं. निवृत्तीत कंपनीची हत्यारं त्यांनी परत केली, कुलूप तेवढं मागून घेतलं होतं.

"मशिनखाली शिरण्याआधी हे लावायचं," ते म्हणाले, "आणि विचारलं तर एकच सांगायचं, आत माणूस आहे. मग साहेब येवो की साहेबाचा साहेब. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं."

जावई हसून म्हणाला, की बाबा, असलं एक कुलूप तुमच्या लेकीच्या तोंडासाठी द्या. सगळे हसले. मिस्त्रीणबाईसुद्धा हसल्या, आणि मग लेकीकडे बघून थांबल्या. ती तळ्यातल्या होड्या मोजत असल्यासारखी उभी होती.

त्याच दिवशी दोघांना घोड्यांच्या चक्रामागे अर्धा तास बसवून म्हातारा-म्हातारी लांब फिरून आली. परत आले तेव्हा जावयाच्या हातात चार आइस्क्रीम होती आणि लेकीनं ऊन असूनही ओढणी दंडावरून घट्ट गुंडाळली होती. संध्याकाळी आगगाडीच्या थांब्यावर वीस मिनिटं. तिथून आली तर उजव्या हाताची करंगळी जांभळी पडून फुगली होती. गाडीच्या दारात सापडली म्हणाली.

"इथल्या गाडीला दारंच नाहीत," मिस्त्री गोंधळून म्हणाले.

जावयानं तिचा तोच हात मायेनं हातात घेतला. हिला कुठंही लागतं बाबा, घरात चालता चालता भिंतीला धडकते, म्हणाला. आणि सगळ्यांच्या देखत ती करंगळी त्यानं हळूच दाबली. लेकीचा चेहरा जागचा हलला नाही. फक्त कपाळावर घाम डवरून आला. मिस्त्रीणबाईंनी तो घाम पाहिला.

दुसऱ्या दिवशी काचघराच्या जिन्याची पाळी आली तेव्हा त्यांनी डोकं दुखतंय असं निमित्त काढलं आणि लेकीला दिवसभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती न्हायला गेली, कडी लागत नव्हती म्हणून दार किलकिलं राहिलं, आणि टॉवेल द्यायला गेलेल्या आईला तिची पाठ दिसली. पट्ट्याचे वळ एकावर एक बसले होते. जुने पिवळे, त्यावरून नवे लाल. कमरेजवळ बकलाचा चौकोन शिक्का मारल्यासारखा उमटला होता.

मिस्त्रीणबाईंनी दाराला पाठ टेकली.

लेकीनं पाणी बंद केलं. रडली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "आई, चार माणसांत तो मारत नाही. तू मला चार माणसांत राहू दे ना. सारखं एकांतात का पाठवतेस?"

त्यांनी तिला कोरडं केलं, ज्या हातांनी लहानपणी करायच्या त्याच हातांनी, पण वळांना न शिवता. तिला आपल्याच पलंगावर निजवलं, आणि औषधाच्या दुकानातून पट्टी आणायला त्या खाली उतरल्या. अर्ध्या तासाचं काम. परत आल्या तर पलंग रिकामा.

त्या धावत तळ्याकाठी आल्या. मिस्त्री पंपाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते, चेहरा उजळलेला. पोरं गॅलरीत गेलीत म्हणाले. जावई स्वतःच तिला बोलवायला आला होता, चौथी जागा राहिली होती ना. चारला ऊन पाण्यावर आलं की आत इंद्रधनुष्य पडतं. दार उघडून दिलंय. एवढं सांगून, पोरं बाहेर आली की दाराला लाव म्हणत त्यांनी कुलूप आणि किल्ली बायकोच्या हातात ठेवली, आणि वर्कशॉपात जुन्या मंडळींनी चहाला बोलावलंय म्हणून निघालेसुद्धा. त्यांना सांगायला बाईंनी तोंड उघडलं, पण चार वर्षं गिळलेली गोष्ट अशी एका दमात वर येत नाही.

त्या गॅलरीत शिरल्या. वीसेक पायऱ्यांचा ओला, अंधारा बोळ, मग कठडा, आणि कठड्यापलीकडे पाण्याचा जाड पडदा. पडद्याच्या पलीकडे चौकात मिरवणुकीसाठी माणसांची दाटी झाली होती. अलीकडे जावई काम करत होता. दुसरा शब्द नाही त्याला. तिचे केस डाव्या मुठीत गुंडाळून उजव्या हातानं तो ठोसे मारत होता, एका लयीत, चेहऱ्यावर राग असा नाहीच. काल दिवसभर आईच्या पदराखाली बसलीस, हे त्याचं म्हणणं. प्रत्येक ठोशाला तेच. तिचा एक डोळा मिटला होता. नाकातून आलेलं रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं.

मिस्त्रीणबाईंनी त्याचा दंड धरला. त्यानं वळून पाहिलं आणि तो नेहमीसारखा हसला. "आई, तुम्ही बाहेर बसा. हे आमच्या दोघांतलं आहे."

त्यांनी हात सोडला नाही, तेव्हा त्यानं कोपर मागे हाणलं. दातांचा कडकन आवाज त्यांना स्वतःच्याच डोक्यात ऐकू आला. त्या पडल्या. त्यानं त्यांना खांद्याला धरून पायऱ्यांवरून फरफटत वर नेलं, दाराबाहेर टाकलं आणि लोखंडी जाळीचं दार आतून अडकवून घेतलं. जाताना त्यांची सुटलेली चप्पलसुद्धा बाहेर फेकली.

त्या जाळीला लटकून ओरडल्या. पाण्याच्या आवाजात त्यांचं ओरडणं त्यांनाच ऐकू येईना. इथं किती ओरडा, बाहेर पत्ता लागत नाही, हे मिस्त्रींनीच कौतुकानं सांगितलं होतं.

तोंडात रक्त आणि एक सुटा दात घेऊन त्या चार पावलांवरच्या पंपाच्या खोलीत गेल्या. लाल बटणावर मूठ आपटली. खटक्याला दोन्ही हातांनी लोंबकळून तो खाली आणला. कुलूप भोकात घातलं, किल्ली फिरवली, आणि ती पोलक्यात खोचली.

धबधबा कापडासारखा खाली गळून पडला. चौकातल्या शेकडो माणसांसमोर गॅलरी लख्ख उघडी झाली: कठडा, ओली भिंत, आणि एका मुठीत केस धरलेला, दुसरी मूठ उगारलेला माणूस.

मग कुणीतरी टाळी वाजवली. हा इथला खेळच असणार असं वाटून टाळ्यांचा पाऊस पडला, कुणी पोराला खांद्यावर घेतलं, कुणी फोन वर धरले. जावई मुळातच हुशार. त्यानं केस सोडले, कठड्याशी आला आणि छातीवर हात ठेवून चक्क झुकला.

लेक भिंतीला धरून उभी राहिली. तोंडातलं रक्त थुंकली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिनं आवाज चढवला.

"हा खेळ नाही. हा माझा नवरा आहे."

तो वळला. आता त्याला थांबायला हवं होतं, हे त्यालाही कळत असणार. इतकी माणसं बघत होती. पण हाताला सवय लागली होती. सगळ्यांच्या देखत त्यानं तिच्या कानाखाली अशी भडकावली की तिचं डोकं कठड्यावर आपटलं, आणि तो आवाज निवळलेल्या तळ्यावरून पार चौकापर्यंत गेला. टाळ्या तिथंच विरल्या.

पाणी कुणी बंद केलं म्हणून तोंड सोडत होडीवाला पंपाच्या खोलीत घुसला. पूर्वी मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला गडी. त्यानं रक्ताळलेल्या मिस्त्रीणबाई पाहिल्या, लाल कुलूप पाहिलं.

"आत माणूस आहे," त्या म्हणाल्या. "आत माझं माणूस आहे."

जाळीचं दार आतून अडकवलेलं त्याला दिसलं. वल्हं घेऊन तो कंबरभर पाण्यात उतरला, त्याच्यामागे आणखी दोघं, मग चौकातलेही. कठड्यावर चढणाऱ्या पहिल्याच्या बोटांवर जावयानं टाच दिली. होडीवाल्यानं वल्ह्याचं पातं त्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं. त्याला खाली पाडून दोघं त्याच्यावर बसले, तरी तो हिच्या आईनं संसारात नाक खुपसलं असंच ओरडत होता.

तेवढ्यात पाणी थांबलं म्हणून वर्कशॉपातून मिस्त्री धावत आले, आणि त्यांच्या हातात खरोखरच पाना होता. जाळी तोडून ते आत शिरले. लेकीचं तोंड पाहिलं आणि विचारपूस न करता पाना उतरवला. जावयाच्या खांद्याचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा घाव उचलला तेव्हा लेकीनं त्यांच्या मनगटाला मिठी मारली.

"बाबा, पुरे. तुम्ही आत गेलात तर मला घरी कोण नेणार?"

पाना पडला. मिस्त्रींनी दाराशी आलेल्या बायकोकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "दोनदा मीच परत पाठवली."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पण परत निघाले तेव्हा बायकोची पिशवी त्यांनी उचलली नाही, आणि ती उचलावी असं तिलाही वाटलं नाही.

पोलिसांनी जावयाला हातकड्या घालून, खांदा बांधून नेलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या भुवईला पाच टाके घातले. उद्यानाचे साहेब मात्र हात चोळत मिस्त्रीणबाईंच्या मागे फिरत होते. मिरवणूक कोरड्या खडकांपुढून काढावी लागली, लोक विचारताहेत, आता तरी कुलूप काढा म्हणत होते. बाईंनी सांगितलं, की माणूस अजून पुरतं बाहेर आलेलं नाही. आणि पोलक्यातली किल्ली काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली.

हवालदारीणबाईंनी जबाब लिहायला बंद खोली देऊ केली. निवांत बोलता येईल म्हणाल्या.

"नको," लेक म्हणाली. "बाबा, तुमची ती पाचवी जागा कुठं आहे?"

धुलाईघराच्या गच्चीवर आठ-दहा बायका चहाला बसल्या होत्या. चादरी दोरीवर फडफडत होत्या. तिचं तोंड पाहून कुणी दचकलं नाही. एकीनं सरकून जागा केली, दुसरीनं बशीत चहा ओतून फुंकून पुढं केला, कारण फुटलेल्या ओठांना कप लागत नाही हे तिला माहीत होतं. लेक त्या सगळ्यांच्या मधोमध बसली आणि पहिल्या वर्षापासून सांगू लागली. मिस्त्रीणबाई समोर बसून ऐकत होत्या. दोनदा परत पाठवल्याचं आलं, तेव्हा त्यांनी हवालदारीणबाईंना ते नीट लिहून घ्यायला सांगितलं.

सही करताना तिची मोडलेली करंगळी उभीच राहिली. मग ती किल्ली घेऊन उठली, एकटीच जिना उतरून गेली. थोड्या वेळानं खालून पाणी पडायला लागल्याचा आवाज आला.