ब्रेक माझ्या पदरचे

गाडी विकताना माणूस खोटं बोलतो, हे मला कुणी शिकवायला नको. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर पडून काढलीत. "एकहाती गाडी आहे" म्हणतात, आणि क्लच बघावा तर पाच जणांनी लाथा घातलेल्या. म्हणून या भागातले लोक जुनी गाडी घ्यायची असो की द्यायची, आधी माझ्याकडे आणतात. मी खाली जाऊन बघतो, इंजिन ऐकतो, एक आकडा सांगतो. त्यावर कुणी घासाघीस करत नाही. माझ्याकडे पाटी नाही, एसी नाही, गोड बोलणारी पोरगी नाही. शब्द आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं त्याचं वजन कळेल.

मंगळवारी दुपारी डॉक्टर आला. दातांचा डॉक्टर. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, तेव्हापासून तो मला पाना म्हणतो. त्यानं ती पिवळी गेटातून आत घेतली, सावलीत लावली आणि उतरल्याउतरल्या रुमालानं हँडल पुसलं. दोन सीटांची स्पोर्ट्स कार, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. अकरा वर्षं ती मीच सांभाळली. तेल मी बदललं, प्लग मी बदलले, गिअरबॉक्स उतरवून परत मी बसवला. पण गेटापासून रॅम्पपर्यंत सोडली, तर ती चालवायला त्यानं मला कधी दिली नाही. दुरुस्तीनंतर चक्कर मारायची तरी स्टेअरिंगवर हाच. मी बाजूला बसून आवाज ऐकायचा.

"पाना, एक काम आहे," तो म्हणाला. "तुझी वहिनी रविवारी येतेय."

वहिनींना सातवा महिना होता. जुळं. म्हणजे दोन बाळं, त्यांचे आईबाप आणि डॉक्टरची आई मिळून माणसं पाच, आणि सीटा दोन. हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटेल. माझ्या आवारात सात सीटांची एक पांढरी गाडी विकायला उभी होती. वहिनी दोनदा येऊन ती बघून गेल्या होत्या. मागचं दार सरकवून बघितलं, पायरी किती उंच आहे ते पाय ठेवून बघितलं, बाळांच्या खुर्च्यांना पट्टे कुठे लागतील ते विचारलं. पिवळी द्यायची, पांढरी घ्यायची, असं घरी ठरलं होतं. डॉक्टर 'हो' म्हणून बसला होता.

"मग?"

"मग तू तिला सांग, हिचं इंजिन गेलंय. आकडा असा सांग की विकण्यात अर्थच राहणार नाही. मी म्हणेन, जाऊ दे, बरा भाव येईपर्यंत ठेवू. ती तुझं ऐकते. माझं कुठे ऐकते?"

"आणि जुळी कुठे बसवणार? डिकीत?"

"टॅक्सी असतात की. बाळं काय रोज ऑफिसला जाणार आहेत?"

तो हसला. मग हसू ओसरलं आणि तो पिवळीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. "दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो रे. घरी गेलं की आई आहे, ही आहे, आता आणखी दोन येतायत. संध्याकाळी हिच्यात बसलो की अर्धा तास मी कुणाचा कुणी नसतो. ही गेली ना पाना, तर माझ्याकडे माझं असं काही उरत नाही."

डोळ्यांत पाणी होतं. नाटक नव्हतं ते. मला दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. हा मला 'सांगशील का' असं विचारत नव्हता. 'सांग' म्हणत होता. ऑइल बदल म्हणावं तसं.

"बरं," मी म्हणालो.

रविवारी वहिनी पिवळीतून उतरल्या, म्हणजे त्यांना बाहेर काढावं लागलं. इतक्या खाली बसलेल्या बाईनं सातव्या महिन्यात उठायचं कसं? डॉक्टर दाराची कड भिंतीला लागत नाही ना, ते बघत होता. हात मी दिला. मागून टॅक्सीनं डॉक्टरची आई आली. काकू नेहमी मागून टॅक्सीनंच येतात, लग्न असो की मयत.

"माझ्या लेकाच्या गाडीत सीटा दोन," टॅक्सीचं दार आपटत काकू म्हणाल्या. "एक त्याची, एक त्याच्या ऐटीची. सून ऐटीच्या मांडीवर बसते."

मी गाडी रॅम्पवर घेतली. खाली गेलो, उगाच दोन ठिकाणी पान्यानं ठोकलं, बॉनेट उघडून कान लावला, तोंडानं च्च केलं. इंजिन असं चालत होतं की कान निवावेत. मग कागदावर आकडा लिहिला. तेवढ्यात बरी स्कूटरही येत नाही.

"इतकी कमी?" डॉक्टरनं कपाळाला हात लावला. नटाच्या धंद्यात असता तर उपाशी मेला असता. "मग विकून काय उपयोग? राहू दे. बाळं झाल्यावर बघू."

वहिनी कागदाकडे बघत होत्या. "दुरुस्त नाही होणार का, भावजी?"

"खर्च गाडीपेक्षा जास्त येईल."

इथपर्यंत ठरल्याप्रमाणे झालं.

"पण चालवायला तरी ठीक आहे ना?"

डॉक्टर टपावर बोटांनी ताल धरून उभा होता. माझ्याकडे बघतही नव्हता. पाना आहे, काम करतोय, संपलं. त्या बोटांनी माझं डोकं फिरलं.

"ब्रेकही गेलेत, वहिनी," मी म्हणालो. "इतके दिवस देवानंच राखलं म्हणायचं तुम्हाला."

ताल थांबला. इंजिनचं खोटं त्याचं होतं. ब्रेक माझ्या पदरचे.

वहिनींचा चेहरा उतरला. दोन्ही हात पोटावर गेले. त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ब्रेक चांगले आहेत म्हणावं, तर इंजिनही चांगलं आहे हे कबूल करावं लागणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "मेकॅनिक तो आहे."

"मग आजच्या आज भंगारात द्या. दुसऱ्या कुणाला विकूसुद्धा नका. त्याच्याही घरी बायकापोरं असतील."

"भंगारवाला कापून टाकेल," मी म्हणालो. "त्यापेक्षा मी घेतो, सुट्या भागांसाठी. याच आकड्याला."

डॉक्टरचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. त्याला वाटलं, मित्रानं काय शक्कल लढवली. दोन्ही गाड्यांच्या कागदांवर सह्या करताना त्यानं मला डोळाही मारला. मग ते तिघं पांढरीतून गेले. काकू मधल्या रांगेत पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा मुलासोबत एका गाडीतून घरी चाललेय.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी स्वारी हजर.

"वा पाना, काय डोकं चालवलंस. आता ही मागच्या शेडमध्येच असू दे. मी रविवारी सकाळी येत जाईन. किल्ली दे, एक चक्कर मारतो."

"कुणाच्या गाडीची किल्ली?"

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याचंही हसणं थांबलं.

"तुझे पैसे घे ना परत."

"विकायची नाही मला."

"दुप्पट घे."

"नाही."

"अरे, आपण मित्र ना?"

तेव्हा मी सांगितलं. गेल्या वर्षी याच्या नव्या दवाखान्याच्या पार्टीला गेलो होतो. नवा शर्ट घातला होता, बायकोनं ब्रश घेऊन माझी नखं घासून दिली होती. याचे चार डॉक्टर दोस्त उभे होते. एकानं विचारलं, हे कोण? आणि हा म्हणाला, हा माझा मेकॅनिक. मी ताट तसंच ठेवून घरी आलो. बायकोनं विचारलं, लवकर कसे आलात, तर पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

"ते बोलण्याच्या ओघात गेलं रे," डॉक्टर म्हणाला.

"ओघातच खरं निघतं."

"मी तिला सगळं सांगेन."

"सांग की. म्हणावं, तुला आणि जुळ्यांना गाडी मिळू नये म्हणून मीच त्याला खोटं बोलायला लावलं. जा, आत्ताच जा."

पाठ फिरवून तो गेटापर्यंत गेला. तिथे थांबला. "गार असताना दुसरा गिअर जरा सावकाश टाक," म्हणाला.

"मला नको सांगूस," मी म्हणालो. "मीच बसवलाय."

बुधवारी मी पिवळी बाहेर काढली. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नेली आणि सोडली. खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता. कंबर मोडली, पण परत येताना मी एकटाच गाणं म्हणत होतो. डॉक्टर बायकोला काही सांगणार नाही याची मला खात्री होती. लाजेनं माणूस मूग गिळून बसतो. मी त्याला शाळेच्या बाकापासून ओळखत होतो.

पुढच्या रविवारी एका गाडीखाली पडलो होतो, तेव्हा शेजारी चपला दिसल्या. त्यातले पाय सुजलेले. सरकून बाहेर आलो तर वहिनी. पांढरी गाडी गेटात उभी होती. स्टेअरिंगवर डॉक्टर, मागे काकू. आवारात माझी तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती.

"भावजी, पिवळीचे ब्रेक खरंच गेले होते?"

मी डॉक्टरकडे बघितलं. तो स्टेअरिंगकडे बघत होता. मला कळलं.

"नाही," मी म्हणालो.

"आठवडाभर मी झोपले नाहीये." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "सात महिने त्या गाडीतून हिंडले. कुठे गचका बसला, कुठे हा जोरात थांबला, सगळं आठवत बसले. दोनदा जाऊन बाळांचे ठोके ऐकून आले. दोन्ही वेळा सगळं ठीक म्हणाले, तरी पटेना. काल तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा यानं दार अडवलं आणि सगळं सांगितलं. रडला. इंजिनचं याचं. ब्रेकचं कुणाचं?"

"माझं."

"का?"

शर्टाचं सांगू? नखांचं सांगू? त्या पोटासमोर ते तोंडातून निघेना. "त्याच्यावर राग होता," मी म्हणालो.

"मग त्याला मारायचं होतंत."

"मी तुला या हातानं जेवू घातलंय रे," काकू गाडीतून म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी खिडकीची काच वर केली.

"चुकलो, वहिनी. पिवळी परत घेऊन जा. आहे तशी." मनापासून म्हणालो.

"मला ती दारात नको. तुम्हीच ठेवा." मग त्यांनी पांढरीकडे बोट दाखवलं. "हिचे ब्रेक चांगले आहेत म्हणाला होतात."

"एकदम चांगले आहेत. मी स्वतः नवे टाकलेत."

"हो. असं तुम्ही म्हणता." त्या रस्त्यापलीकडे बघत होत्या. तिथे दोन महिन्यांपूर्वी एका अबोल, टकल्या माणसानं गॅरेज टाकलं होतं. त्याच्याकडे दिवसाला एखादी गाडी आली तर आली. "तिकडे दाखवू."

"वहिनी, मी सांगतोय ना—"

"खाली उतर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चालवत न्यायची नाही. ब्रेकचा भरवसा नाही. ढकला. दोघांनी."

आत्ताच तर चालवत आणली, असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टर उतरला. काकूही उतरल्या. त्यानं खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरलं आणि दाराला खांदा लावला. मी मागे गेलो. रस्ता जरासा चढाचा आहे. सात सीटांची गाडी, आणि आम्ही दोघं पन्नाशीला टेकलेले. दोन्हीकडून हॉर्न वाजू लागले. एक स्कूटरवाला थांबून म्हणाला, "काय, बंद पडली?" माझ्या बाकावरचा एक जण उठून गेटापर्यंत आला. "तुमच्याकडूनच घेतली ना हो ही, गेल्या आठवड्यात?" त्यानं मोठ्यानं विचारलं. मी खाली मान घालून ढकलत राहिलो. मध्यावर गाडी अडली, तेव्हा डॉक्टरनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. घामानं चष्मा घसरला होता. तो पुन्हा वळला आणि खांदा लावला.

टकल्या हात पुसत पुढे आला. मला बघून गोंधळला. "तुम्ही? काय झालं?" त्यानं मलाच विचारलं.

वहिनी काकूंचा हात धरून सावकाश रस्ता ओलांडून आल्या. "ब्रेक बघायचेत," त्या म्हणाल्या. "आणि जे काही सापडेल ते मला सांगा. या दोघांना नाही."

त्यानं गाडी जॅकवर चढवली आणि एकामागून एक चारही चाकं काढली. तासभर लागला. वहिनींना त्यानं खुर्ची दिली, काकूंना स्टूल. आम्ही दोघं उन्हात उभे होतो. तेवढ्यात माझ्या बाकावरची दोन गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून आली, आणि कसला भाव काय पडतो ते त्याला विचारू लागली.

ब्रेक उत्तम होते. त्यानं वहिनींना तसं सांगितलं. वहिनींनी मान डोलावली, त्याचे पैसे दिले आणि सर्व्हिसिंगला पुढच्या महिन्यात कुठल्या तारखेला आणू, ते त्याला विचारलं.