चुन्यातला गूळ

आमच्या गल्लीत कुणी भिंत दुरुस्तीला काढली, की शेजारच्या प्रत्येकाला आपल्या पूर्वजांनी लाल किल्ला बांधल्याचं आठवतं.

माझ्या दाराची कमान तडकली होती. तिच्यावरच्या खोलीत मी मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवते. पालिकेचा माणूस बजावून गेला, "आपा, महिनाअखेर कमान बांधली नाहीत तर खोलीला सील."

शकूर मिस्त्रींनी चुन्यात विटांची भुकटी कालवली, बेताचं गुळाचं पाणी घातलं आणि नमाजाला गेले. लगेच हकीम मुनव्वरसाहेब हजर.

"गूळ कमी दिसतो. आमच्या खापरपणजोबांच्या चुन्यात बोट बुडालं तर निघायचं नाही."

"हकीमसाहेब, हात लावू नका."

"हात कुठे लावतोय? गूळ घालतोय."

मागोमाग लाला बनवारी आले, तेही गूळ घेऊनच. "यांचे खापरपणजोबा किल्ल्यात चूर्ण विकत असतील. चुना आमच्या घरातून गेला."

दोघंही वयाने मोठे. किती ओरडणार? थोड्या जास्त गुळाने काय बिघडतंय म्हणून मी मिस्त्रींना सांगितलंही नाही, आणि त्यांनी त्याच चुन्यात कमान उभी केली. आठवडा गेला तरी सांधे ओलेच, वर मुंग्यांची रांग. मिस्त्रींनी अंगठा दाबला, तो आत गेला.

"आपा, ही कमान आहे की हलवा?"

सगळं उतरवावं लागलं. तेराच्या पाढ्याला वर्ष लावणाऱ्या मुलांवर मी कधी चिडले नाही. या दोघांपुढे मात्र माझं डोकं फिरलं. पण त्यांना हाकललं असतं, तर ते खिडकीतून गूळ टाकायला आले असते.

दुसऱ्यांदा चुना कालवायच्या दिवशी मी मुलांना हकीमसाहेबांच्या अंगणात नेलं, लालाजींनाही तिथेच बोलावलं. म्हटलं, "आज तुम्ही दोघं किल्ल्याचा इतिहास शिकवा." मुलांच्या कानात सांगितलं, यांना उठू द्यायचं नाही, प्रश्न विचारत राहा.

रुखसारने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या खापरपणजोबांनी कुठला दरवाजा बांधला?"

"लाहोरी," दोघंही एकदम म्हणाले.

मग संध्याकाळपर्यंत कुणालाच प्रश्न विचारावा लागला नाही. इकडे कमान पुरी झाली.

महिनाअखेर पालिकेच्या माणसाने सांध्यावर काठी ठोकली, मान हलवली आणि गेला. दुसऱ्या सकाळी वर्ग खोलीत भरला. मी फळा पुसतेय तोच जिन्यात खोकला ऐकू आला.

"आपा, लाहोरी दरवाजाचा धडा अपुरा राहिलाय."

मागून लालाजी, "आणि चुकीचाही."

मी खडू ओढणीत बांधला आणि मुलांना म्हटलं, "तेराचा पाढा. मोठ्याने."