कुसाबाईच्या गाण्याचा परवाना

सासू जिवंत होती तोवर तानुबाईनं तिचं एक ऐकलं नाही, हे अख्ख्या मखमलाबादला ठाऊक होतं. कालवणात मीठ किती, झेंडू कधी तोडायचा, सगळ्यात दोघींचं वाकडं. आणि आता तीच तानुबाई सासूच्या आवाजासाठी नाशकातल्या सायबर कॅफेत हेलपाटे घालत होती.

झालं होतं असं, की सासू कुसाबाई हळदीची गाणी म्हणायची. पंचक्रोशीत तिच्याशिवाय हळद दळली जात नसे. एका कॅसेट कंपनीची माणसं येऊन तिचं गाणं भरून घेऊन गेली, तेव्हा नात तृप्ती रांगत होती. हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं. म्हातारीनं कुणाला विचारलं नाही, नातीचंच नाव घेतलं. "तिच्या हळदीला मी असन का नसन," एवढंच म्हणाली.

ती नव्हती. कॅसेटही नव्हती, घोटीच्या पाहुण्यांनी ऐकायला म्हणून नेली ती गेलीच. दोन हजार आठ साली तृप्तीचं लग्न ठरलं आणि पोरगी हटून बसली, हळद दळायची तर आज्जीच्या गाण्यावरच. सावळीरामानं बायकोकडं नुसतं पाहिलं. माझी आई जन्मभर घरात गात होती, तुला एक ओळ घेता आली नाही, असं त्या पाहण्यात होतं. तानुबाईला ते चांगलंच झोंबलं, कारण ते खरं होतं.

कॅफेवाल्या अमितनं कंपनीची साइट शोधून काढली, आपल्या कार्डावर गाणं विकत घेतलं आणि पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. तानुबाईनं त्याला रोख पैसे दिले.

"अगदी कायदेशीर काम झालं मावशी," तो म्हणाला.

पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधून ती घरी आली. मांडववाल्या यादवनं तो आपल्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर एक चौकट आली. तृप्तीनं वाचलं, "हे गाणं वाजवण्याचा परवाना नाही."

तानुबाई यादववरच घसरली. लाउडस्पीकरचा परवाना नाही तर सुपारी घेतलीच कशाला? यादवनं बिचाऱ्यानं पोलिसांचा कागद काढून लॅपटॉपपुढं धरला. चौकट काही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अमितच्या पुढ्यात.

"मावशी, ज्या कॉम्प्युटरवर घेतलं त्याच्यावरच वाजणार. कंपनीनं कुलूप घातलंय."

"म्हंजी पातेलं मी इकत घ्यायचं, अन् भात शिजवायचा दुकानदाराच्याच चुलीवर?"

"तसंच काहीसं."

"पण गाणं माझ्या सासूचं हाय."

"आवाज त्यांचा. गाणं कंपनीचं."

"अन् नाव माझ्या लेकीचं. मग माझं काय?"

"ऐकायचा परवाना," अमित म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्यालाच कळेना. त्यानं सीडी करून पाहिली, कुलूप. हेडफोनला मोबाइल लावून भरून घेतलं, तर नुसती घरघर. कंपनीला मेल केला; आपला अभिप्राय मोलाचा आहे, असं उत्तर आलं. बाजारात सिनेमाच्या गाण्यांच्या चोरट्या सीड्या ढिगानं मिळत होत्या, पण कुसाबाईला चोरायची कुणाला सवड? पैसे भरणारी तेवढी बाहेर उभी, हे तानुबाईच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

"हितं तरी वाजतंय का?"

अमितनं हेडफोन तिच्या कानाला लावले. कानात कुसाबाई गायला लागली, आणि तानुबाईचा हात आपसूक पदराकडं गेला. तिनं तो डोक्यावर ओढला. गाणं संपलं तरी ती उठेना.

"अमितभाऊ, तोंडपाठ केलं तर चालतंय? का त्यालाबी परवाना लागतोय?"

अमितनं खरंच नियमांचं पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं. "याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही मावशी."

मग सबंध दुपार ती तिथंच बसली. उभ्या आयुष्यात सासूचं ऐकलं नाही, ते त्या एका दुपारी ऐकलं. फार उशीर झाला, असं तिला वाटत राहिलं.

हळदीच्या दिवशी जात्याला आंब्याची डहाळी बांधली. खुंट्याला एका बाजूनं तानुबाई, समोर धोंडाबाई. ही कुसाबाईची बरोबरीण. जन्मभर दोघींनी मिळून दळलेलं. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण हात जात्यावर बरोबर पडायचा. तानुबाईनं दबक्या आवाजात सुरुवात केली.

हळू फिर रे जात्या, नको करू तू घाई,
तृप्तीचं माझ्या अंगणी खेळून झालं नाही.

इथं ती थांबली आणि खोकली. गाणं भरताना कुसाबाईला नेमका इथं खोकला आला होता, आणि कंपनीनं तो तसाच ठेवला होता. तानुबाईनं गाणं जसं कानावर आलं तसं उचललेलं. त्यातलं काय गाळायचं हे तिला कोण सांगणार? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सावळीराम मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला.

धोंडाबाईनं जातं थांबवलं. शेजारचा तांब्या चाचपून तानुबाईपुढं केला.

"पाणी पी गं कुसे," ती म्हणाली.

तानुबाईनं तांब्या घेतला, दोन घोट पाणी पिऊन पुढची ओळ धरली.